कव्हर नसलेला दिवाळी अंक

मी आठवीत असताना बाबांचा उजवा हात प्रेसमध्ये गेला. घाटकोपरला रद्दीची एक वखार होती, तिथे ते गठ्ठे दाबून बांधायचं काम करत. अंगठा वाचला, करंगळी वाचली. मधली तीन बोटं गेली. शेठने दवाखान्याचं बघितलं, कामावरूनही काढलं नाही, फक्त उचलून वखारीच्या दाराशी स्टुलावर बसवलं. राखणदार. पगार निम्म्यावर आला. पश्चिमेला डोंगराच्या उतारावर पत्र्याची आमची खोली, तिच्यात आम्ही तिघं. त्या वर्षी आम्ही सकाळी पेज आणि संध्याकाळी भाकरी-मिरची खाल्ली, डाळ सणाला केली. मी हे लाजून सांगत नाही आणि रडूनही सांगत नाही. होतं ते असं होतं.

मग आईने पिशव्या करायला घेतल्या. वखारीतून रद्दी आणायची, मापात कापायची, खळ लावून वाण्याच्या पिशव्या करायच्या. खळ मैद्याची, आणि तिच्यात मोरचूद, नाहीतर झुरळं पिशवीच खाऊन टाकतात. शाळा सुटली की मीही बसायचे. माझ्या बोटांची टोकं कायम निळसर-हिरवी असत. पुढे कॉलेजात एका मुलीने विचारलं, "तुझं शाईपेन गळतं का गं?" मी म्हटलं, "नाही, आम्ही पिशव्या करतो."

पिशवी वर्तमानपत्राची होते. मासिकाची होत नाही. पान लहान, आणि कव्हरचा गुळगुळीत कागद खळ धरत नाही. सुकला की टपकन सुटतो. म्हणून गठ्ठ्यात एखादं मासिक आलं की आई ते माझ्याकडे फेकायची. "घे, तुझा वाटा." माझा संग्रह असा सुरू झाला. कोणी आवड लावली नाही, कोणी दिशा दाखवली नाही. जे पिशवीच्या कामाचं नव्हतं ते माझं झालं.

आज लोक माझं कपाट बघायला येतात. मला विचारतात, जुन्या अंकात तुम्ही काय बघता? मजकूर मी सगळ्यात शेवटी बघते. आधी पिना किती गंजल्यात ते. मग पहिल्या पानावर कोणाचं नाव आहे का, वाचनालयाचा शिक्का आहे का, कोणी कुठे रेघ मारलीय. लोक रद्दी विकताना पानं चाळत नाहीत. त्यामुळे एका अंकात मला वाळलेला मोगरा मिळाला, एकात भरतकामाच्या सुया टोचून ठेवलेल्या, आणि एकात कागदाच्या पुडीत बाळाचं जावळ. मऊ, भुरकं. त्या बाळाचं वय तेव्हा माझ्या बाबांएवढं तरी असणार, जिवंत असलं तर. मी पुडी होती तशी परत त्याच पानात ठेवली. दुसऱ्याच्या घरात दार लोटून शिरावं आणि घरात कोणीच नसावं, पण चुलीवरचं पाणी मात्र उकळत असावं, तसं मला दर अंक उघडताना व्हायचं. अजून होतं.

आमच्या शेजारच्या खोलीत मालवणकडच्या एक काकू राहायच्या. काकांची गिरणी बंद पडली तेव्हापासून त्याही दुपारी आमच्याकडे पिशव्या चिकटवायला बसत. हात चालू, तोंड चालू. आईला अक्षर येत नव्हतं. काकूंना यायचं, पण बारीक टाईप दिसत नसे. त्यामुळे वाचायचं काम माझं. गोष्टी, पाककृती, वाचकांची पत्रं, जे हाताला लागेल ते मी मोठ्याने वाचायचे. पण दिवाळी आली की काकूंना एकच गोष्ट हवी असे, दिवाळी अंकातलं वर्षाचं राशिभविष्य.

इथे आमच्या घराचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव आणि पंचांग एकाच दिवशी गावच्या नदीत सोडले. माझी पत्रिका कोणी केली नाही. आमच्या घरात रास हा शब्दही उच्चारत नसत.

"आमच्यात रास न्हाई बघत," आई म्हणायची.

"तुमच्यात बघनत नाय, पण रास असताच," काकू म्हणायच्या. "माझी कन्या. आणि ह्या चेडवाची पण कन्याच. नावावरसून सांगतंय मी. वाच गो, दोघींचा एकदमच होयत."

मी टी.वाय.ला होते त्या वर्षीची ही गोष्ट. सत्त्याऐंशी साल उजाडायचं होतं. दिवाळी झाली होती आणि नवा अंक घ्यायची ऐपत नव्हती. नवे अंक रद्दीत यायला वर्ष लागतं. पण त्याच आठवड्यात वखारीत एका घरातून आलेला गठ्ठा बाबांनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. सगळे दिवाळी अंक, वर्षावार लावलेले, परकराच्या नाडीने बांधलेले. असा एका हाताचा गठ्ठा मिळणं म्हणजे संग्रह करणाऱ्याला लॉटरी. सगळ्यात वरच्या, म्हणजे शेवटच्या अंकाचं कव्हर आणि पहिली काही पानं गेलेली. वर्ष कळत नव्हतं. राशिभविष्य मात्र शाबूत होतं, नोव्हेंबर ते ऑक्टोबर.

मी तेच वाचून दाखवलं. यंदाचं म्हणून.

मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट हुशारी वाटली. भविष्य थोतांडच, मग शिळं काय नि ताजं काय? काकूंचा नियम होता, एका वेळी एकच महिना वाचायचा. पुढचं आधी वाचलं की ते ओढवतं. म्हणून मी नोव्हेंबरचं वाचलं. "जुन्या वस्तूचा लाभ." दहाएक दिवसांनी बाबा वखारीतून चावीचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले, भंगारात निघालं होतं, चावी दिली तर चालायला लागलं. काकू खूश. "बघ! मी सांगितलंय." डिसेंबरला वाचलं, "पाण्यासंबंधी त्रास संभवतो." उतारावरचा आमचा नळ बंद पडला. मी हसले. आमच्या नळाबद्दल हे भविष्य कोणीही वर्तवलं असतं.

जानेवारीत समोरच्या खोलीतली म्हातारी गेली. संध्याकाळी मशेरी लावत दारात बसलेली बघितली होती, सकाळी उठली नाही. जानेवारीचं मी वाचलेलं होतं: "शेजारी वियोगाचा प्रसंग." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि यावेळी त्या "बघ" म्हणाल्या नाहीत.

तिला नेल्यावर गल्लीत एकदम शांत झालं. दुपारचे तीन वाजले असतील. आई नि काकू समोरच्या सुनेपाशी गेल्या होत्या. घरात मी आणि घड्याळाची टकटक. मी पत्र्याच्या पेटीतून तो अंक काढला आणि पहिल्यांदाच दारात, उन्हात घेऊन बसले. एरवी आम्ही आत, पाठीमागच्या झरोक्याच्या उजेडात वाचत असू. विमानतळ जवळ, त्यामुळे आमच्या डोंगरावरून विमानं फार खालून जात. एक गेलं, त्याची सावली पत्र्यांवरून घसरत माझ्या पायावरून गेली, आणि ऊन परत पानावर तिरकं पडलं. तेव्हा मला समासात पेन्सिल दिसली.

अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. इतकं पुसट की कागद कलता धरल्याशिवाय दिसू नये. फक्त कन्या राशीच्या समासात, महिन्यांपुढे.

नोव्हेंबर: "घड्याळ आले."

डिसेंबर: "नळ बंद. चार दिवस."

आमचा नळ चारच दिवस बंद होता. मी बोटांवर मोजलं, परत मोजलं.

जानेवारी: "समोरच्या आजी. मंगळवार."

त्या दिवशी मंगळवार होता.

मी उठून आत गेले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. फेब्रुवारीपुढे लिहिलं होतं: "मी कोणाला सांगितले नाही." आणि मार्चपुढे: "मुलीला जाऊ द्यायला नको होते."

पुढे एप्रिल, मे, जून, सगळं कोरं. मी गठ्ठ्यातले बाकीचे अंक काढले. प्रत्येकात कन्या राशीपुढे तेच अक्षर, बाराही महिने भरलेले. दूध नासले. दिरांचे पत्र. नवे पडदे. गर्भ राहिला. मुलगी झाली. मुलगी चालू लागली. मुलगी शाळेत. मी एकामागून एक वाचत गेले, आणि ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर वाढत वाढत शेवटच्या अंकापर्यंत आली. त्यानंतरचा अंक गठ्ठ्यात नव्हता. त्या मार्चनंतर त्या घरात कोणी दिवाळी अंक घेतला नव्हता.

माझी टी.वाय.ची परीक्षा मार्चअखेर होती. सेंटर अंधेरीला आलं होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. फेब्रुवारीचा सगळा महिना नाही. अभ्यासाला बसले की वाटायचं, आत्ता या क्षणी आपण तिने लिहिलंय तसंच वागतोय. ती ओळ खोटी पाडायला फक्त तोंड उघडायचं होतं, आणि तेवढंच होत नव्हतं. सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार होतं की मी दोघींना फसवलं.

मार्चच्या एक तारखेला काकूंनी खळीचा डबा पुढे ओढला आणि म्हणाल्या, "हां, वाच आता."

मी अंक उघडला. छापलेलं होतं, "विद्यार्थ्यांस प्रवासयोग." मी तेवढं वाचून थांबले.

"फुडे?"

"एवढंच आहे."

"एवढ्यासाठी तुझा तोंड असा पांढराफटक जाला?"

मग मी बोलले. सगळं. अंक जुना आहे, किती जुना ते माहीत नाही, समासात कोणीतरी लिहिलंय, आणि काय लिहिलंय. काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "माका फसवलंस ता रवांदे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण तू तिचा वर्ष आमच्या घरात आणलंस गो." आईने हाताची खळ पुसली, माझ्या हातातून अंक घेतला आणि वाचता येत नसताना त्या समासाकडे बराच वेळ बघत राहिली.

संध्याकाळी ती म्हणाली, "पेपर देऊ नगंस. फुडल्या वर्सी दे."

"पुढच्या वर्षीची फी कोण भरणार?"

"भरू."

"कशी? आणि पुढच्या वर्षी मार्च येणार नाही?"

"तोंड चालवू नगंस!"

दोन दिवस घरात हेच. माझ्या अख्ख्या नात्यात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. गावाकडे दोन चुलतबहिणींची शाळा सुटली होती आणि त्यांचे बाप म्हणत होते, मुंबईची पोरगी पास होऊ दे, मग आमच्या पोरींचं बघू. आणि ते सगळं आता पेन्सिलीच्या एका ओळीवर अडकलं होतं.

बाबांना कळलं तेव्हा ते आईवर ओरडले. "माझ्या बापाने पंचांग नदीत सोडलं ते काय तू पेन्सिलीला घाबरावंस म्हणून?" पण दुसऱ्या दिवशी ते वखारीतून पत्ता काढून मुलुंडला जाऊन आले. गठ्ठा तिथल्या एका बैठ्या घरातून आला होता. परत आले, पाय धुतले, म्हणाले, "घर न्हाई तिथं. चौथरा हाय नुसता. मोडलं घर. शेजारी नवीन, कुणाला कायबी ठाऊक न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "तू पेपर द्यायचा." त्यानंतर दोन-चार दिवसांनी भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं. ते कुठे गेलं हे आईने विचारलं नाही आणि मीही नाही.

आईचा निर्णय परीक्षेच्या आदल्या दिवशी झाला. भाकऱ्या थापता थापता तिने विचारलं, "ती बाई कुठं व्हती गं? पोरगी गेली तवा?"

"मला काय माहीत?"

"घरात व्हती. लिवलंय ना, जाऊ द्यायला नगं व्हतं. म्हंजी जाऊ दिलं, न् आपण घरात बसली." तिने भाकरी उलटली. "मी न्हाई बसणार."

आणि ती आली. सहाच्या सहा पेपरांना. घाटकोपरहून अंधेरीची बस, माझ्या मांडीवर वह्या, तिच्या मांडीवर कापलेल्या कागदांचं गाठोडं आणि खळीचा डबा. साकीनाक्याला गर्दी आत घुसली की ती माझं मनगट असं धरायची की तिच्या बांगड्यांचे वळ उठत. अकरा ते दोन मी आत, ती फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली पिशव्या चिकटवत. कॉलेजची पोरं बघायची. आईला त्याचं काही नव्हतं.

पहिल्या पेपरनंतर बसमध्ये ती म्हणाली, "आणिक एक बाई बसती तिथं. तिचीबी पोरगी आत हाय म्हणं."

"कोण?"

"म्हातारी हाय जरा. चांगल्या घरची. बोलत न्हाई जास्त."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती. आईने सांगितलं, "मला म्हणली, तुम्ही सोबत आलात? बरं केलंत." तिसऱ्या पेपरला मी मुद्दाम लवकर लिहून बाहेर पडले. आई एकटीच. "आत्ताच गेली बघ. तुला दिसली न्हाई?" रस्ता दोन्हीकडे लांबपर्यंत सरळ आणि रिकामा होता. भर दुपारचं ऊन.

चौथ्या पेपरनंतर आम्ही स्टॉपवर उभ्या होतो. बस आली, मोकळी होती, मी पाय उचलला, तर आईने मागे ओढलं.

"ही नगं. फुडची."

"का?"

"ती म्हणली. आजची पयली बस सोडा."

मी वाद घातला नाही. ती बस आमच्यासमोरून गेली. तिचं पुढे काही झालं का, ती सुखरूप पोचली का, याची मी चौकशी केली नाही. माझ्यासारखी फटकळ बाई, पण तेवढं विचारायचं धाडस मला झालं नाही.

घरी आल्यावर मी गाठोडं सोडून पिशव्या रचायला बसले. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी हे काम केलेल्यालाच कळेल. पिशवीचा तळ दोन घड्यांचा असतो. कोणती घडी वर घ्यायची हे हाताला लागलेलं असतं आणि ते जन्मभर बदलत नाही. आई डावी घडी वर घेते. मी तिच्याकडून शिकले, म्हणून माझीही डावी वर. काकूंचीही, कारण त्यांना आईनेच शिकवलं. आमच्या घरातून गेलेली प्रत्येक पिशवी तशीच असायची.

त्या दिवशीच्या पिशव्यांत जवळजवळ निम्म्या पिशव्यांची उजवी घडी वर होती. व्यवस्थित, कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या, आमच्यापेक्षा नीट. खळ एका थेंबानेही बाहेर आलेली नव्हती.

"आई, या कोणी केल्या?"

"तिनंच की. म्हणली, बसल्या बसल्या हात लावते." आई चूल फुंकत होती. "चांगल्या न्हाईत व्हय?"

"चांगल्या आहेत."

"मग ठेव सगळ्याच्या सगळ्या एका जागी."

मी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या वाण्याकडे गेल्या आणि कोणाकोणाच्या घरी साखर नि तूरडाळ घेऊन गेल्या. पाचव्या पेपरलाही ती बाई होती. सहाव्याला मात्र आली नाही. आईने दोन वाजेपर्यंत तिच्यासाठी झाडाखालची जागा पुसून ठेवली होती.

"शेवटचा पेपर तिच्या पोरीचा न्हवता वाटतं," आई म्हणाली.

"नसेल," मी म्हटलं.

मी आईला काही समजावलं नाही आणि तिनेही मला विचारलं नाही. मी आजही भविष्य मानत नाही. कोणी विचारलं तर स्पष्ट सांगते, थोतांड आहे. ती बाई कोणीही असू शकते. परीक्षेच्या फाटकाबाहेर आया बसतातच. पिशव्यांची घडी मात्र मी स्वतः पाहिली आहे.

तो अंक घरात ठेवू नको, असं काकू किती वर्षं सांगत होत्या. मी ठेवला. संग्रहात तो शेवटच्या खणात आहे, बाकीच्या अंकांबरोबर, त्याच नाडीत. एप्रिलपासून पुढचे समास कोरे आहेत. त्यांत मी काही लिहिलेलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी बी.ए. झाले, सेकंड क्लासमध्ये. आईकडून आणि बाबांकडून, दोन्ही घराण्यांत ती पहिली पदवी. त्याच महिन्यात गावाकडे माझ्या दोन्ही चुलतबहिणींचं नाव पुन्हा शाळेत घातलं.